ड्रिल अडकलं, पळा!

आमच्या चौघांच्या टोळीत ड्रिल सांभाळायचं काम माझ्याकडे. तिजोरीला लावलेलं ते धूड हमखास मध्येच बंद पडतं. मग पोलिसांच्या गोळ्या चुकवत धावायचं आणि ते पुन्हा चालू करायचं. स्टॉकहोमच्या ओव्हरकिल कंपनीने २०११ साली ‘पेडे: द हाइस्ट’ हा व्हिडिओ गेम काढला, तेव्हापासून खेळाची खरी गंमत या रखडपट्टीत आहे. वळण १९९५च्या ‘हीट’ सिनेमाचं. २०१३चा ‘पेडे २’ तुफान चालला. पण ऑक्टोबर २०१५मध्ये, आधी असं करणार नाही म्हणून सांगितलेलं असताना, खेळातल्या तिजोऱ्या फोडायला खऱ्या पैशांनी ड्रिल विकायला काढली. दरोडेखोरांवरच दरोडा! खेळाडू खवळले, २०१६मध्ये ती विक्री थांबली. २०२३च्या ‘पेडे ३’चे तर सुरुवातीलाच सर्व्हर कोलमडले. नवख्यांनी सरळ ‘पेडे २’ घ्यावा.