जागच्या जागी चालणं

गेल्या पावसाळ्यात माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला. मशिदीत मागच्या भिंतीलगत चार खुर्च्या मांडलेल्या असतात. इतकी वर्षं त्या म्हाताऱ्यांसाठी आहेत असं मी समजत होतो. एका शुक्रवारी त्यातल्या एका खुर्चीवर मी स्वतः जाऊन बसलो. डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, गुडघ्यांना धक्के बसू देऊ नका. दुसरी, हृदयासाठी रोज अर्धा तास घाम येईल असं काहीतरी करा. मला तर वाटलं, पहिली गोष्ट दुसरीला खोडूनच काढते आहे. घरी आल्यावर लेकीनं तोडगा काढला, "अब्बा, इलिप्टिकल घ्या ना!"

मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर ग्रंथालयाच्या टेबलामागं बसलेल्या माणसाला हा शब्द ऐकून फक्त भूमितीचा तास आठवला. फळ्यावर दोन खिळे, त्यांच्याभोवती दोऱ्याचं सैलसर कडं आणि त्या कड्यात खडू अडकवून गुरुजींनी काढलेलं लांबट वर्तुळ. लंबवर्तुळ! १६०९ साली केप्लरनं मंगळाची कक्षा याच आकाराची आहे असं जगाला सांगितलं. आता तो आकार माझ्या बैठकीच्या खोलीत येऊ घातला होता.

लेकीचं बोलणं मी हसण्यावारी नेलं नाही, त्याला कारण आहे. माझे अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. उभी हयात त्यांनी गाडी चालवली आणि १९८९ साली, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या पहिल्याच झटक्यात गेले. त्यांच्या गाडीवर बरीच वर्षं एकच कंडक्टर होते. आम्ही पोरं त्यांना कंडक्टरकाका म्हणायचो. भरलेल्या गाडीत पुढून मागं, मागून पुढं, तिकिटं फाडत, टपावरचं सामान चढवत-उतरवत त्यांचा दिवस जायचा. ते चौऱ्याऐंशी वर्षं जगले. दोघांची गाडी एक, रस्ता एक, धाब्यावरचा चहासुद्धा एक. अब्बा विड्या ओढायचे हे खरं आहे, त्यामुळं दोन माणसांवरून सिद्धांत मांडता येत नाही. पण मुलगा म्हणून ही तुलना माझ्या मनातून कधी गेली नाही.

पुढं एकदा ग्रंथालयात एक लेख चाळताना मी चमकलो. हीच तुलना लंडनमध्ये हजारो माणसांवर करून झाली होती! जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसगाड्यांवरच्या सुमारे ३१ हजार नोकरांचा अभ्यास केला आणि १९५३ साली तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. तिथल्या बसगाड्या दुमजली. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर रोज पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढणारा. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार ड्रायव्हरांमध्ये वर्षाला हजारी २.७ जणांना, तर कंडक्टरांमध्ये १.९ जणांना झालेला आढळला. शिवाय कंडक्टरांना तो उशिरा होत होता आणि झालाच तर कमी जीवघेणा ठरत होता.

मॉरिस लगेच निष्कर्ष काढून मोकळे झाले नाहीत. ड्रायव्हर होणारी माणसंच मुळात जाड असतील तर? ही शंका फेडायला त्यांनी कंपनीच्या गणवेशांच्या नोंदी काढल्या आणि विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या होत्या. पण सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर यांची तुलना केली, तरी कंडक्टरच सुखरूप निघाले. हा अभ्यास १९५६ साली आला. हालचाल ही हृदयाची राखण करते, हे आज आपण सहज बोलून जातो. त्यामागं शिंप्याच्या टेपनं घेतलेली ही मापं आहेत. मॉरिस स्वतः शेवटपर्यंत व्यायाम करत राहिले आणि २००९ साली, नव्व्याण्णवाव्या वर्षी गेले.

तेव्हा चालायचं हे ठरलं. पण घरात यंत्र आणून जागच्या जागी चालायचं, हे मनाला पटेना. ना वाट, ना झाड, ना वाटेत भेटून 'काय शायर, कुठं निघालात?' म्हणणारं कुणी. या चालण्याचा उगम तरी कुठला, हे शोधायला बसलो, तर तो निघाला तुरुंगातला!

विल्यम क्युबिट हा इंग्लंडमधला इंजिनिअर, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा. तुरुंगात कैदी रिकामे बसलेले त्याला खटकले. त्यानं १८१८ च्या सुमारास एक भलंमोठं आडवं चक्र तयार केलं. चक्राला बाहेरून लाकडी पायऱ्या. कैद्यांनी वरच्या दांडीला धरून पायरी चढायची, की त्यांच्या वजनानं ती खाली जायची आणि पुढची पायरी समोर यायची. असा तासन् तास न संपणारा जिना. १८२१ साली लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात असं चक्र बसलं आणि मग ते इंग्लंडभर पसरलं. कुठं त्यावर धान्य दळलं जाई, कुठं पाणी चढवलं जाई. काही ठिकाणी तर काहीच होत नसे, चक्र नुसतं वारा कापत फिरे. १८९५ साली सक्तमजुरीची शिक्षा झालेल्या ऑस्कर वाइल्डलाही पेंटनव्हिलच्या तुरुंगात हे चक्र चढावं लागलं. अखेर १८९८ च्या कायद्यानं ही शिक्षा बंद झाली. 'ट्रेडमिल' हा शब्द मात्र मागं उरला. जिममध्ये आज तो किती कौतुकानं उच्चारला जातो!

त्याच शतकात दुसरीकडं एक वेगळा माणूस यंत्राकडं वेगळ्या नजरेनं पाहत होता. गुस्ताव्ह झांडर हे स्वीडनमधले डॉक्टर. १८६५ साली त्यांनी स्टॉकहोममध्ये यंत्रांच्या मदतीनं व्यायामोपचार करणारी संस्था काढली. हात, पाय, कंबर, प्रत्येकासाठी निराळं यंत्र. रोग्याच्या ताकदीप्रमाणं त्याचा भार कमी-जास्त करता येई. १८७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही यंत्रं मांडली गेली. क्युबिटच्या चक्रापुढं सगळे कैदी सारखेच होते. झांडरनं यंत्रालाच माणसाच्या मापानं वागायला लावलं. माझ्या मते घरगुती व्यायामयंत्राचा खरा इतिहास इथून सुरू होतो.

मग विसाव्या शतकात ट्रेडमिल दवाखान्यात आली. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी फिरत्या पट्ट्यावर माणसाला चालवून, दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत हृदयाचा आलेख काढण्याची पद्धत बसवली. आपल्या जिल्ह्याच्या गावीसुद्धा जी 'स्ट्रेस टेस्ट' होते, ती बहुधा त्यांच्याच पद्धतीनं. १९६८ साली अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांचं 'एरोबिक्स' हे पुस्तक निघालं. ते वाचून विल्यम स्टॉब नावाच्या इंजिनिअरनं घरात ठेवता येईल अशी ट्रेडमिल तयार केली. तुरुंगातून दवाखाना आणि दवाखान्यातून बैठकीची खोली, असा हा प्रवास झाला.

पण गुडघ्यांचा प्रश्न तसाच राहिला. धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो. तरुण गुडघा तो पचवतो, माझ्यासारख्याचा कुरकुरतो. यावरचा उपाय कसा सुचला, त्याची गोष्ट मोठी गोड आहे. लॅरी मिलर या अमेरिकी इंजिनिअरची मुलगी मोटारीच्या बाजूनं धावत होती आणि बाप तिचं चित्रीकरण करत होता. नंतर ती फीत पाहताना त्याच्या लक्षात आलं, की धावताना पाऊल पुढं जातं, खाली येतं, मागं जातं, वर उचललं जातं आणि हा सगळा फेरा लंबवर्तुळासारखा दिसतो. मग पाऊल त्याच फेऱ्यात फिरवलं, पण ते जमिनीवर आदळूच दिलं नाही तर? अशी या यंत्राची जन्मकथा सांगितली जाते. प्रिकॉर या अमेरिकी कंपनीनं १९९५ साली ते बाजारात आणलं. लेकीच्या पावलाकडं निरखून पाहणाऱ्या बापानं ते शोधलं आणि माझ्या घरी लेकीनं ते बापासाठी सुचवलं. हा योगायोग मला आवडला.

आता खरेदीचं. पहिल्या दुकानात विक्रेत्यानं पडद्यावरचे आकडे दाखवले. इतक्या मिनिटांत इतक्या कॅलरी, इतके प्रोग्राम. मी म्हटलं, "मला दहा मिनिटं चालून बघू द्या." तो नाही म्हणाला. आम्ही बाहेर पडलो. कॅलरीचे हे आकडे अंदाजी असतात आणि पुष्कळदा फुगलेले असतात, हे एव्हाना मला समजलं होतं. दुसऱ्या दुकानात चालू दिलं आणि तिथं पायांनीच बरंच शिकवलं.

पाहण्याची मुख्य गोष्ट म्हणजे पावलाची लांबी. तिला 'स्ट्राइड' म्हणतात. स्वस्त यंत्रांत ती १२-१४ इंच असते. त्यावर चालताना जिना चढल्यासारखं वाटतं आणि गुडघा जास्त दुमडतो. मध्यम उंचीच्या माणसाला १८ ते २० इंच सोयीची पडते. दुसरी गोष्ट, दोन पायट्यांमधलं अंतर. ते जास्त असलं तर पाय फाकवून चालावं लागतं आणि कमरेच्या खुब्यावर ताण येतो. तिसरी, चाकाची चाल. पायटा फिरताना कुठं अडखळता कामा नये. लोहचुंबकानं भार देणारी यंत्रं घासत नाहीत, म्हणून आवाज कमी करतात. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हे महत्त्वाचं. किती वजनापर्यंतच्या माणसासाठी यंत्र बनवलं आहे, हेही वाचावं आणि आपलं वजन त्याच्या बरंच आत असावं.

एक गोष्ट मात्र दुकानदार सांगत नाही. पायटा वर येतो तेव्हा माणूस जमिनीपासून फूट-सव्वा फूट उंच जातो. आम्ही यंत्रासाठी माळ्याखालची जागा ठरवली होती. माझी उंची पाच फूट सात इंच, माळा पावणेसात फुटांवर. बायकोनं टेप लावून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, गुडघे वाचतील, डोकं फुटेल!" पंख्याखालची जागाही त्याच कारणानं तपासून घ्यावी.

यंत्र आलं. पहिले आठ दिवस फक्त पाच-पाच मिनिटं, सर्वांत कमी भारावर. पाठ ताठ, टाच पायट्यावर टेकलेली, दांड्यांवर शरीराचा भार नाही. जोर किती लावायचा याची एक सोपी खूण आहे. बोलता यावं, पण गाता येऊ नये. मी चालताना माझ्याच गझला पुटपुटतो. सुरात म्हणता आल्या तर भार वाढवतो, मतल्यालाच दम लागला तर कमी करतो. छातीत दुखलं, चक्कर आली, तर मात्र तिथंच थांबून डॉक्टर गाठायचे. त्यात कविता आणायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. आता मी तिथवर पोचलो आहे.

एक सांगतो, ज्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्यांच्या दारात चालण्याजोगा रस्ता आहे, त्यांनी यंत्रावर पैसे घालवू नयेत. रस्त्यावर तोल सावरावा लागतो, ऊन अंगाला लागतं, माणसं भेटतात. यंत्र यातलं काही देत नाही. ते फक्त धक्का वाचवतं. माझ्यासारख्याला तेवढंच हवं असतं.

चार महिने झाले. मशिदीत अजून मी खुर्चीवरच बसतो, पण ग्रंथालयाचा जिना मध्ये न थांबता चढतो. अब्बांनी लाखो किलोमीटर रस्ता कापला, तो बसून. मी कुठंच जात नाही, पण उभा राहून चालतो. कधी कधी पायट्यावर असताना त्या चक्रावरचे कैदी आठवतात. त्यांचं चक्र त्यांच्या मर्जीनं थांबत नव्हतं. माझं यंत्र मी थांबलो की थांबतं. एवढ्या एका फरकासाठी माणसाला शंभर-सव्वाशे वर्षं लागली.

हल्ली मला थांबावंही लागतं, कारण साडेसहाला बायकोचा नंबर असतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)