भट्टीशेजारची घरं

तातारा, म्हणजे जपानची जुनी लोखंड गाळायची भट्टी, म्हटलं की जपानी तलवार आठवते आणि नवा वाचक थेट पात्याच्या धारेशी जाऊन पोचतो. त्यानं आधी घरं पाहावीत, असं मला वाटतं. शिमाने प्रांतात योशिदाजवळ सुगाया इथे अशी एक वस्ती अजून उभी आहे. तानाबे या लोखंडमालक घराण्याची भट्टी तिथे १७५१ ते १९२१ चालली. भट्टीवरची ताकादोनो ही उंच छपराची इमारत साऱ्या जपानात आता एवढीच उरली आहे. तिच्याभोवती कचेरी, लोखंड फोडायची जागा आणि कामगारांची घरं. या वस्तीला म्हणत सान्नाई.

पोलादासाठी भट्टी पेटली की तीन दिवस-तीन रात्री विझत नसे. साधारण १० टन लोखंडी वाळू आणि १२ टन कोळसा खाऊन ती अडीच टनांचा ओबडधोबड गोळा देई. त्याला केरा म्हणतात. तो काढायचा तर मातीची भट्टी फोडावी लागे. दर खेपेला फोडायची, दर खेपेला नवी बांधायची! म्हणजे मालकाची खरी मालमत्ता भट्टी नव्हेच. ती बांधणारे हात. त्यांनी दुसऱ्या डोंगरात जाऊ नये म्हणून घर द्यायचं, तांदूळ उचल म्हणून द्यायचे. या उदारपणात हिशेब किती, यावर अभ्यासकांनी अजून पुष्कळ भांडावं.

मुख्य कारागीर मुरागे. भात्याच्या नळीच्या भोकातून आत बघत ज्वाळेच्या रंगावरून तो वाळू किती टाकायची ते ठरवी; त्यात कित्येकांचा एक डोळा जाई. भट्टीची दुसरी बाजू सुमिसाका सांभाळी. भाता तुडवणारे ते बान्को; पाळीपाळीनं काम करण्याला जपानीत आजही ‘कावारिबान्को’ म्हणतात, तो शब्द यांच्यावरूनच आला असं सांगतात. मियाझाकींच्या ‘मोनोनोके हिमे’ या चित्रपटात भाता बायका तुडवतात. प्रत्यक्षात कानायागो या लोखंडकामाच्या देवीला बायका खपत नाहीत अशी समजूत होती, त्यामुळे त्यांना भट्टीपाशी मज्जाव. पण वस्तीत त्या होत्याच, आणि भट्टीची कागदपत्रं सोडून घरांकडे वळलं तरच त्या दिसू लागतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर तातारा थंडावला. १९७७ मध्ये तलवारींसाठी शिमानेतल्याच ओकुइझुमोत तो पुन्हा पेटवायचं ठरलं, तेव्हा युद्धकाळात तिथे राबलेले म्हातारे मुरागे हयात होते. त्यांना बोलावणं गेलं.