ब्लेझारांचे चांचल्य व त्याची प्रतिमाने

१९२९ साली कूनो हॉफमाइस्टर ह्या जर्मन ज्योतिर्विदाने सरठ तारकासमूहातील एका प्रकाशबिंदूची गणना रूपविकारी ताऱ्यांत केली, आणि ताऱ्यांच्या नामकरणाच्या रिवाजास अनुसरून त्यास ‘बीएल लॅसर्टी’ हे नाव मिळाले. १९६८ मध्ये तोच बिंदू एक रेडिओ-उद्गम असल्याचे दिसून आले. पुढे तो दूरच्या दीर्घिकेचा गाभा ठरला. नाव मात्र ताऱ्याचेच राहिले. १९७८ च्या पिट्सबर्ग परिषदेत एडवर्ड स्पीगेल ह्यांनी हे नाव व ‘क्वेसार’ ह्यांची सांगड घालून ‘ब्लेझार’ हा शब्द घडविला.

ह्या वस्तूंचे मर्म त्यांच्या चांचल्यात आहे. जो उद्गम एका दिवसात दुप्पट उजळतो, त्याचा विस्तार एका प्रकाशदिनाहून फारसा मोठा असणे शक्य नाही. कारण त्याच्या एका टोकाची वार्ता दुसऱ्या टोकास प्रकाशाहून अधिक वेगाने पोहोचत नाही. पुढील सारी प्रतिमाने ह्याच तर्कावर उभी आहेत, आणि त्यांच्या अडचणीही त्यातूनच उद्भवल्या. १९६६ साली हॉइल, बरबिज व सार्जंट ह्यांनी आक्षेप घेतला की, क्वेसार खरोखरच तितके दूर असतील, तर इतक्या लहान जागेत कोंडलेल्या प्रारणाशी टकरा होऊन तेथील इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा तत्काळ गमावतील. तेव्हा ते जवळचेच असावेत. त्याच वर्षी मार्टिन रीस ह्यांनी दाखविले की, उद्गम जवळजवळ प्रकाशवेगाने आपल्या रोखाने येत असेल, तर त्यातील घडामोडी आपणांस शीघ्रतर दिसतात. आक्षेपकांचा निष्कर्ष टिकला नाही. परंतु त्यांची अडचण खरी होती, आणि वेगवान झोताच्या कल्पनेस बळ आले ते तिच्यामुळेच.

१९९२ साली व्हिपल दुर्बिणीने मार्करियन ४२१ पासून येणारे अत्युच्च ऊर्जेचे गॅमा किरण टिपले. त्यांचा उलगडा एकाच गोलकाच्या प्रतिमानाने होई : चुंबकीय क्षेत्रात फिरणारे इलेक्ट्रॉन क्ष-किरण सोडतात, आणि त्याच प्रकाशकणांना ऊर्जा देऊन गॅमा किरण निर्माण करतात. म्हणजे दोहोंची भरती एकदमच यावयास हवी. पुष्कळदा ती येतेही. परंतु २००२ साली १ईएस १९५९+६५० ह्या ब्लेझारात गॅमा किरणांचा भडका क्ष-किरणांच्या साथीवाचूनच उठला.

खरा धक्का २८ जुलै २००६ रोजी बसला. नामिबियातील हेस दुर्बिणींनी पीकेएस २१५५-३०४ ह्या ब्लेझाराचे तेज सुमारे २०० सेकंदांत दुप्पट होताना पाहिले. तेथील कृष्णविवर सूर्याच्या सुमारे १०० कोटी पट वस्तुमानाचे मानले, तर ते ओलांडण्यास प्रकाशासही काही तास लागतील! एका गोलकाने हे साधावयाचे, तर झोताचा वेग रेडिओ-निरीक्षणांत आढळतो त्याहून कितीतरी अधिक मानावा लागे. २००९ साली जियानियोस, उझ्डेन्स्की व बेगेलमन ह्यांनी झोताच्या पोटात चुंबकीय रेषांच्या पुनर्जोडणीतून सुटणारे लहान झोत कल्पिले.

त्या रात्रीच्या नोंदींत तेज जितके अधिक, तितके त्याचे हेलकावेही मोठे आढळले. अशा वर्तनावरून गुणाकाराने वाढणाऱ्या प्रक्रियेचे अनुमान निघे; स्वतंत्र लघुझोतांची तर केवळ बेरीज होते. तथापि २०१२ साली बिटो व गीबेल्स ह्यांनी दाखविले की, यदृच्छेने निरनिराळ्या दिशांस रोखलेल्या लघुझोतांच्या बेरजेतूनही हेच प्रमाण निष्पन्न होते. त्यामुळे हेलकाव्यांच्या ह्या प्रमाणावरून दोन पक्षांचा निवाडा होत नाही.