गोळीबंद इतिहास

इतिहास हा विषय मी दहावीनंतर सोडला आणि त्यानेही मला आनंदाने सोडलं. पुढे कॉमर्सला गेलो, बी.कॉम. झालो आणि बँकेत चिकटलो. बँकेत भूतकाळ फार तर मागच्या एकतीस मार्चपर्यंत जातो. त्याच्या आधीचा भूतकाळ तळघरात गठ्ठे बांधून ठेवलेला असतो आणि तळघराची किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नसतं. अशा माणसावर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी एका मिठाईचा इतिहास धुंडाळायची पाळी यावी, याला कारण तीन बायका: आमच्या मातोश्री, आमची कन्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी.

आंटी मूळच्या वसईच्या. आमच्या इमारतीत त्यांना तीस वर्षं झाली. दिवाळीला आमच्याकडून फराळाचं ताट वर जायचं आणि नाताळला वरून कुलकुल, करंज्या आणि केक यांचं ताट खाली यायचं, असा हा चालू खात्याचा व्यवहार. (केकमध्ये अंडं असतं म्हणून आई फक्त करंजी खायची आणि ‘ही आपलीच’ असं दरवर्षी जाहीर करायची.) अंकल बोटीवर इंजिनरूममध्ये होते. फेरी संपवून आले की जिनोआ बंदरातून आणलेली, सोनेरी कागदात गुंडाळलेली एक लांबडी वडी त्यांच्या ट्रंकेतून निघायची. रंगाने पांढरी, आत बदाम, कडकपणा फरशीचा. आंटी ती वरवंट्याने फोडून इमारतीतल्या पोरांना एकेक खडा द्यायच्या. तो दातांना असा धरायचा की पोरं पंधरा मिनिटं बोलू शकत नसत. त्यामुळे हा खाऊ आईबापांचाही फार आवडता होता.

यंदाच्या पावसाळ्यात अंकल गेले. त्यांच्या खात्याचे कागद मीच करून दिले. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची सही, दोन फोटो. कुणी गेलं की आपल्याला एवढंच येतं.

डिसेंबर उजाडला तरी आंटींच्या खिडकीत चांदणीचा कंदील लागला नाही. हे आईने पाहिलं. आपल्याकडे वर्षाच्या आत घरात कुणी गेलं असेल तर सणाचा फराळ करत नाहीत, शेजारीपाजारी आणून देतात. हा नियम हिंदूंचा की ख्रिश्चनांचा, असल्या वादात आई पडली नाही. ‘त्यांच्याकडे यंदा काही होणार नाही. आपण द्यायचं,’ एवढं म्हणून तिने बेसन भाजायला काढलं.

‘आजी, नाताळला बेसनाचे लाडू?’ आमच्या कन्येने हरकत घेतली. ‘अंकलचं ते चिकट पांढरं करू या. नूगा म्हणतात त्याला. बाबा, तू माहिती काढ.’

आमच्या घरात स्वयंपाकातलं माझं स्थान ‘माहिती काढणे’ एवढंच आहे, तेव्हा मी कामाला लागलो आणि पहिल्याच दिवशी उमगलं की हे वारसाहक्काचं प्रकरण आहे. मोठा खातेदार गेला की काउंटरवर चार वारस येतात, प्रत्येकाजवळ हकिगत असते आणि कागद कुणाजवळच नसतो. नूग्याचंही तसंच.

पहिला वारस इटलीतलं क्रेमोना. तिथे २५ ऑक्टोबर १४४१ रोजी मिलानच्या ड्यूकची मुलगी बियांका मारिया व्हिस्कोंती आणि फ्रांचेस्को स्फोर्झा यांचं लग्न लागलं. नवरदेव भाडोत्री फौजेचा सेनापती, आणि हुंड्यात त्याला मिळालं क्रेमोना हे अख्खं गाव. मेजवानीत आचाऱ्यांनी मध, बदाम आणि अंड्याचा पांढरा बलक यांची एक मिठाई गावातल्या ‘तोर्रात्सो’ या मनोऱ्याच्या आकारात रचली, म्हणून तिचं नाव ‘तोर्रोने’ पडलं, असं क्रेमोनाकर सांगतात. मी हिशेबाला बसलो. लग्न खरं, तारीख खरी, सुमारे ११२ मीटर उंचीचा मनोराही अजून जागेवर. मिठाईला मात्र व्हाउचर नाही. इतिहासकार ती गोष्ट आख्यायिकेच्या खात्यात टाकतात आणि भाषापंडित ‘तोर्रोने’चं नातं मनोऱ्याशी न लावता ‘भाजणे’ या अर्थाच्या धातूशी लावतात. क्रेमोना ऐकायला तयार नाही. दर नोव्हेंबरात तिथे तोर्रोनेचा उत्सव भरतो आणि त्यात ते लग्न पुन्हा लावून दाखवतात. बिचाऱ्या स्फोर्झाने किती वेळा बोहल्यावर चढायचं!

दुसरा वारस स्पेन. तिथलं नाव ‘तुर्रोन’ आणि नाताळ म्हटला की तो हवाच. त्यांच्यात दोन घराणी आहेत. अलिकान्तेचा तुर्रोन कडक, अख्ख्या बदामांचा. शेजारच्या हिहोना गावचा मऊ, बदाम वाटून केलेला. त्यांच्याजवळ कागद आहे, पण तो पोलीस तक्रारीसारखा. सोळाव्या शतकात लोपे दे रुएदा नावाचा एक नाटककार होऊन गेला. त्याच्या एका छोट्या नाटकात मालकाच्या लिहायच्या मेजावरून अलिकान्तेचा रतलभर तुर्रोन नाहीसा होतो आणि नोकरांची झाडाझडती सुरू होते. मेजावरचा खाऊ गायब होण्याची परंपरा आमच्या ऑफिसपुरती नाही, ती किमान साडेचारशे वर्षांची आहे, हे वाचून बरं वाटलं.

तिसरा वारस फ्रान्सचा, आणि ‘नूगा’ हे नाव त्याचंच. ते लॅटिनमधल्या ‘कठीण कवचाचं फळ’ या अर्थाच्या शब्दावरून आलं. फ्रान्सच्या दक्षिणेला मोंतेलिमार म्हणून गाव आहे. चौदाव्या लुईचे दोन नातू १७०१ साली तिथून गेले तेव्हा गावाने त्यांना क्विंटलभर नूगा नजर केला, असं हे गाव सांगतं. पुढे त्या गावचे महापौर एमिल लुबे १८९९ ते १९०६ या काळात चक्क फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष होते. राष्ट्राध्यक्षच गाववाला असल्यावर पाहुण्यांपुढे काय येणार, हे सांगायला नको. पण गावाला खरे दिवस दाखवले ते रस्त्याने. पॅरिसहून समुद्रकाठी सुट्टीला निघालेल्या मोटारी राष्ट्रीय मार्ग सातवरून याच गावातून जायच्या, गर्दीत अडकायच्या आणि अडकलेली माणसं नूगा घ्यायची. घाटात गाडी तापली की आपण लोणावळ्याची चिक्की घ्यायचो, त्यातलाच प्रकार. मग १९६० च्या दशकाअखेर मोठा द्रुतगती मार्ग गावाबाहेरून गेला आणि कित्येक कारखान्यांना टाळं लागलं. जे टिकले त्यांनी नियम जपले. मोंतेलिमारचा म्हणवून घ्यायचं तर शंभरात निदान तीस भाग सुका मेवा हवा. सोनं गहाण ठेवून घेतानासुद्धा आम्ही इतकं काटेकोर तपासत नाही. (हे आमच्या मॅनेजरसाहेबांना कळवू नये.)

आणि हे तिघे भांडत असताना चौथा येतो तो थेट कागद घेऊनच. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक या गृहस्थाने पाककृतींचं एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात ‘नातिफ’ नावाची मिठाई आहे. मध आटवायचा, अंड्याचा पांढरा बलक घालून शुभ्र होईपर्यंत घोटायचा आणि सुका मेवा मिसळायचा. म्हणजे क्रेमोनाच्या मांडवाला अजून चार-पाचशे वर्षं होती, तेव्हा बगदादी आचाऱ्याचे हात घोटून दुखत होते. अरबांबरोबर ही विद्या स्पेन-इटलीकडे गेली असावी असं जाणकार मानतात. नाताळशी तिची गाठ का पडली, तेही समजण्यासारखं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी मध आणि बदाम घरात येतात, पाक आटवला की पाणी जवळजवळ उरत नाही आणि पदार्थ महिनोन्‌महिने टिकतो. दक्षिण फ्रान्समध्ये नाताळच्या रात्री तेरा गोड पदार्थ मांडतात, येशू आणि त्याचे बारा शिष्य या हिशेबाने. त्यात पांढरा नूगा आणि काळा नूगा असे दोन्ही असतात. काळ्यात अंडं नसतं.

हा सगळा अहवाल मी रात्री जेवताना सादर केला. आईने तेवढं शेवटचं वाक्य ऐकलं.

‘मग काळाच करा.’

‘आजी, अंकलचा पांढरा होता.’

इथे सभेत शांतता पसरली. आमच्या ओट्यावर आजवर अंडं आलेलं नाही. मला कॉलेजात असताना डॉक्टरांनी अंडी सांगितली होती, तेव्हा ती गॅलरीत स्टोव्हवर उकडली जात आणि स्टोव्हची नंतर मुंज लावावी तशी शुद्धी होई. कोंडी फोडावी म्हणून मी इराणातल्या इस्फहानची हकिगत काढली. तिथे ‘गझ’ नावाचा नूगा होतो, नवरोजला लागतो, पिस्ते आणि गुलाबपाणी घालतात आणि त्यातला मूळ गोडवा म्हणजे झुडपांवर बारीक किडे जो गोड चीक सोडतात तो गोळा केलेला.

‘किडे?’ आईने घास खाली ठेवला. ‘नको बाई. त्यापेक्षा अंडंच आणा. पण पातेलं वेगळं. आणि ते घरात असेपर्यंत मी ओट्यापाशी येणार नाही.’

वास्तविक नूगा आमच्या घरात आधीच येऊन गेला होता. १९६९ साली भारतात आलेल्या फाइव्ह स्टारच्या पोटात तोच आहे. दुबईहून येणारे नातेवाईक जो त्रिकोणी टोबलेरोन आणतात, त्याचं १९०८ साली ठेवलेलं नावच ‘टोबलर’ हे आडनाव आणि ‘तोर्रोने’ यांची संधी आहे. पण वेष्टनावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आई वाचत नाही आणि वाचून दाखवण्याइतका मी अजून शूर नाही.

रविवारी कारखाना सुरू झाला. बदाम चारशे ग्रॅम, मध पाव किलो, साखर तीनशे ग्रॅम, दोन अंड्यांचा पांढरा बलक. बलक फेटून फेस करायचा, मध १२० अंशांच्या पुढे आणि साखरेचा पाक १४५ अंशांपर्यंत न्यायचा, दोन्ही बारीक धारेने फेसात सोडून घोटत राहायचं. अंश मोजायला आमच्याकडे तापाचा थर्मामीटर. त्याची धाव ४२ पर्यंत. कन्या म्हणाली, अंदाजाने करू. बँकेत अंदाजाने केलेल्या गोष्टींचं काय होतं हे मला माहीत होतं, पण मी गप्प बसलो. सकाळी ताटात खीर होती. बदाम तळाशी बसले होते आणि बटर पेपर कायमचा त्यात राहायला गेला होता. पाव किलो मध बुडीत खाती.

दुसऱ्या खेपेला सौ.ने सुचवलं की पाकाचं आईंना विचारा. पण आई हॉलमध्ये, पाक स्वयंपाकघरात आणि मध्ये अंड्याची लक्ष्मणरेषा. तोडगा असा निघाला की पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायचा आणि कन्येने वाटी घेऊन हॉलमध्ये धावायचं. आई दोन बोटांनी थेंब दाबायची. ‘एकतारी आहे. अजून.’ कन्या परत. ‘गोळी होतेय, पण सैल. अजून.’ परत. मध गोळीबंद झाला तो अशा सात फेऱ्यांनी. साखरेचा पाक त्याहून नाठाळ. तो चिक्कीसारखा हवा, थेंब वाटीत वाजला पाहिजे. पण हॉलपर्यंत बातमी जाऊन हुकूम येईतो पाक रंग बदलू लागला. चौथ्या वाटीला आई खुर्चीतून उठली, ‘अरे, करपेल तो!’ असं ओरडत तरातरा आत आली, स्वतः थेंब टाकला, टण्ण आवाज ऐकला आणि म्हणाली, ‘उतरव!’ मग तिच्या ध्यानात आलं की आपण कुठे उभ्या आहोत. फेसाच्या पातेल्याकडे तिने बघितलं. ‘असा ढवळतात होय? घट्ट धर. एकाच दिशेने.’

चाळीस मिनिटं आम्ही आळीपाळीने घोटलं. बगदादच्या आचाऱ्याविषयी मला फार आपुलकी वाटू लागली. इटलीत वड्यांच्या वर-खाली जो पातळ खाण्याचा पापुद्रा लावतात तो चर्चमधल्या प्रसादाच्या पापुद्र्याच्या जातीचा. तो आम्ही कुठून आणणार? बटर पेपरला या वेळी भरपूर तूप चोपडलं. सकाळी वडी सुटली. सुरीने कापेना, तेव्हा आईने तिचा अडकित्ता दिला.

चोवीस तारखेला संध्याकाळी आई आणि मी डबा घेऊन वर गेलो. आंटींनी झाकण उघडलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. मग एक तुकडा तोंडात टाकला.

‘वहिनी, हा मऊ आहे,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांचा दगडासारखा असायचा.’

आणि दुसरा घेतला. एक मलाही दिला. नूग्याने आपलं काम चोख केलं. पंधरा मिनिटं तिथे कुणालाच बोलता आलं नाही. आईने तर खाल्लाही नव्हता, तरी तीही बोलली नाही. मग आंटी उठल्या, आत जाऊन डबा रिकामा केला आणि त्यात मूठभर साखर घालून परत दिला. रिकामा डबा द्यायचा नसतो, हे त्यांना आईनेच कधीतरी सांगितलं असणार.

जिना उतरताना आई मध्येच थांबली.

‘तू ते मऊवालं गाव कुठलं म्हणालास?’

‘हिहोना.’

‘मग तोंड शिवलं होतं का? सांगायचं ना त्यांना, हा त्या गावचा आहे म्हणून. बिघडलेला नाही. जा, वर जाऊन सांगून ये.’

मी पुन्हा जिना चढू लागलो.