गाण्यात दिसतं काय?

माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळ आमचं बिऱ्हाड होतं, तेव्हाची गोष्ट. शेजारी एक तमिळ कुटुंब राहायचं. त्या घरातल्या बाईंना सगळी इमारत 'मामी' म्हणायची. मामींना सिनेमाचा भारी नाद, आणि दाक्षिणात्य चित्रपट लावणारं अरोरा थिएटर हाकेच्या अंतरावर. सत्तरच्या दशकात त्यांच्या मुलांबरोबर मीही तिथं जायला लागलो. मला तमिळचा गंध नव्हता. संवाद चालू असले की मामी माझ्या कानाशी लागून मोडक्या मराठीत कथा सांगायच्या. गाणं सुरू झालं की मात्र गप्प बसायच्या. "गाणं तुझं तू बघ," म्हणायच्या.

पुढं वीसेक वर्षांनी काचबिंदूनं मामींची नजर गेली. तोवर केबलवर तमिळ वाहिन्या घरात आल्या होत्या. रविवारी मी त्यांच्याकडे जाऊन बसायचो. आता पारडं उलटं झालं होतं. शब्द सगळे त्यांना कळत, चित्र मला दिसत होतं. गाणं लागलं की त्या विचारायच्या, "आता काय दिसतं रे?" मी सांगायला लागायचो. काही गाणी सांगता सांगता माझी दमछाक व्हायची, इतकं त्यात घडत असे. काही गाण्यांत "नाचतायत, मामी," एवढं म्हटलं की संपलं! त्यातून मला एक साधी कसोटी सापडली. न दिसणाऱ्या माणसाला सांगण्याजोगं ज्या गाण्यात काही आहे, ते गाणं दिग्दर्शकानं खरोखर पडद्यावर आणलं. बाकीची संगीतकाराच्या पुण्याईवर तरली. आज याच कसोटीवर तमिळ चित्रपटाच्या इतिहासातली काही गाणी तुमच्यासमोर ठेवतो.

या इतिहासाची सुरुवात आपल्या मुंबईतच होते. तमिळमधला पहिला बोलपट 'कालिदास' १९३१ साली आर्देशीर इराणी यांच्या इंपीरियल कंपनीनं इथं तयार केला, तोही 'आलम आरा'च्या सेटवर. दिग्दर्शक होते एच. एम. रेड्डी आणि नायिका टी. पी. राजलक्ष्मी. तमिळ रंगभूमी आपल्या संगीत नाटकासारखीच गाण्यांवर पोसलेली होती. तिथले नट पडद्यावर आले ते गाणी घेऊनच. एकेका चित्रपटात तीस, चाळीस, पन्नास गाणी असत. पण ती दिसत कशी? नट कॅमेऱ्यासमोर उभा राहून प्रत्यक्ष गाणार, वादक चौकटीच्या बाहेर कुठंतरी दडून साथ करणार. हलायची सोय नाही, कारण हललं तर आवाज जाणार. म्हणजे गाणं ऐकू येई, पाहायला मात्र फक्त गाणारा माणूस.

पार्श्वगायनानं हा खुंटा उपटला. १९३८ सालच्या 'नंदकुमार' या तमिळ चित्रपटात ए. व्ही. मेय्यप्पन यांनी एका अभिनेत्रीसाठी दुसऱ्या गायिकेचा आवाज वापरला. या चित्रपटाच्या दिग्दर्शनात 'प्रभात'च्या संस्थापकांपैकी आपले केशवराव धायबर होते, हे मराठी माणसानं लक्षात ठेवावं असं आहे. आवाज आणि चेहरा सुटे झाले आणि कॅमेऱ्याला पाय फुटले.

त्या पायांनी चालायला शिकवणाऱ्यांत एक अमेरिकन माणूस होता, एलिस डंगन. त्यानं पंधराएक वर्षं मद्रासला चित्रपट केले, पण तो तमिळ कधीच शिकला नाही. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं, तोही माझ्यासारखाच! शब्द कळत नसल्यानं त्याला चित्रातूनच अर्थ काढावा लागे. १९४५ सालच्या 'मीरा'साठी त्यानं एम. एस. सुब्बुलक्ष्मींचा प्लास्टरचा अर्धपुतळा करवून घेतला. छायाचित्रकार जितेन बॅनर्जींसह त्यावर निरनिराळ्या कोनांतून प्रकाश टाकून पाहिला आणि मग कुठं प्रत्यक्ष चित्रण केलं. त्यात लहानगी मीरा गाऊ लागते आणि गाणं संपेस्तोवर मोठी झालेली असते. मधली वर्षं सांगायला एकही संवाद लागत नाही.

तीन वर्षांनी, १९४८ मध्ये, जेमिनीच्या एस. एस. वासन यांचा 'चंद्रलेखा' आला. हिंदी आवृत्तीमुळे तो आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही आठवेल. त्यातलं प्रचंड नगाऱ्यांवरचं नृत्य, सुमारे चारशे नर्तक, हे सगळं जाहिरातीत गाजलंच. पण खरी गंमत वेगळी आहे. नायिका खलनायकाशी लग्नाला होकार देते आणि त्याआधी हे नृत्य व्हावं अशी अट घालते. त्या नगाऱ्यांच्या पोटात नायकाचे सैनिक लपलेले असतात. नाच संपतो, नगारे उघडतात आणि लढाई जुंपते. म्हणजे पाहणारा ज्याला नुसता थाटमाट समजत होता, तीच कथा होती. तो नाच कापून टाका, चित्रपट पुढं सरकणारच नाही. थाटाला कारण देणं ही वासनांची हुशारी. पुढं त्यांची नक्कल करणाऱ्या अनेकांनी थाट तेवढा उचलला, कारण मागंच ठेवलं.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला श्रीधर. १९६२ चा त्यांचा 'नेंजिल ओर आलयम' जवळजवळ सगळा रुग्णालयाच्या एकाच सेटवर, अवघ्या काही आठवड्यांत चित्रित झाला. श्रीधरनीच तो १९६३ मध्ये हिंदीत 'दिल एक मंदिर' म्हणून केला, त्यामुळे प्रसंग तुम्हाला ठाऊक असेल. नवरा मरणाच्या दारात आहे. उपचार करणारा डॉक्टर बायकोचा पूर्वीचा प्रियकर आहे. नवरा तिला सांगतो, मी गेलो तर तू याच्याशी लग्न कर. त्यावर ती जे उत्तर देते, तेच गाणं. पी. सुशीलांचा आवाज आणि विश्वनाथन-राममूर्तींची चाल. बाग नाही, चांदणं नाही. एक खोली, एक खाट, दोन माणसं. छायाचित्रकार ए. व्हिन्सेंट यांचा कॅमेरा त्या चार भिंतींतच वाट शोधत राहतो. तिचा चेहरा जवळ येतो, दूर जातो, आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाची असहायता आपल्या अंगावर येते. हे गाणं मी मामींना कधी सांगितलं नाही. त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या आजारात त्या स्वतः अशाच एका खाटेशेजारी तीन महिने बसून होत्या. वाहिनीवर ते लागलं की म्हणायच्या, "हे नको सांगू. हे मला दिसतं."

मला सर्वात आवडणारं उदाहरण १९६८ चं, ए. पी. नागराजन यांच्या 'तिल्लाना मोहनांबाळ'मधलं. पद्मिनी नर्तकी, शिवाजी गणेशन नागस्वरवादक. दोघंही आपापल्या कलेत श्रेष्ठ आणि तितकेच मानी. तिचा नाच पाहायची त्याला ओढ आहे, पण उघड जाऊन बसणं कमीपणाचं वाटतं. म्हणून तो आपल्या साथीदारांसह खांबाआड लपून पाहतो. तिला ते कळतं. ती नाचत असते भरल्या सभेसमोर, पण पदातला प्रत्येक शब्द खांबाआडच्या त्या एकासाठी असतो. सभेला वाटतं, नायिका देवाला आळवते आहे. आपल्याला ठाऊक असतं ती कुणाला टोमणा मारते आहे. दिग्दर्शकानं केलं एवढंच की दोन नजरा नीट जोडल्या. सभेची, त्याची, तिची आणि आपली, अशा चार पातळ्यांवर एक गाणं चालू राहतं. भरतनाट्यम मला तेव्हा कळत नव्हतं. पण कोण कुणाला काय म्हणतंय, हे मला अरोराच्या स्वस्त तिकिटाच्या रांगेतही कळलं.

नजर पडद्यातल्या माणसाकडे न वळवता थेट थिएटरकडे वळवली, तर त्याचं राजकारण होतं. १९६५ च्या 'एंग वीट्टु पिळ्ळै'मध्ये एम. जी. रामचंद्रन हातात चाबूक घेऊन जुलमी माणसाला जिन्यावर झोडपतात आणि गाण्यातून सांगतात, माझी आज्ञा चालली तर गरिबाचे डोळे पुसले जातील. हे खलनायकाला सांगितलेलंच नव्हतं, समोर बसलेल्या प्रेक्षकाला सांगितलं होतं. बारा वर्षांनी, १९७७ मध्ये, तोच नट तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला. गाण्याचं चित्र किती लांब जाऊ शकतं, याचा याहून मोठा पुरावा नाही.

के. बालचंदर यांनी गाण्याचा संवाद केला. 'एक दूजे के लिए'मधलं लिफ्टमधलं, चित्रपटांच्या नावांचं गाणं आपल्याला आठवतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८० च्या 'वरुमैयिन निरम सिवप्पु'मध्ये, त्यांनी याहून सरस प्रसंग रचला. दिल्लीतला बेकार, उपाशी तरुण आणि एक नाटकातली मुलगी. ती नुसती चाल गुणगुणते, त्यानं लगेच शब्द भरायचे. खेळ रंगत जातो, चाल अवघड होत जाते आणि शब्दांमधून हळूच प्रेम बोललं जातं. कमल हासन आणि श्रीदेवीच्या चेहऱ्यावर आपण प्रत्यक्ष पाहतो की आता गाणं सुचतंय.

याच काळात इलैयराजांच्या संगीतानं चित्रपट स्टुडिओबाहेर नेला. महेंद्रन यांच्या १९८० च्या 'नेंजत्तै किळ्ळादे'मध्ये पहाटेच्या धुक्यात दोघं पळायला निघतात. पावलांचा ठेका गाण्यातच विणलेला, आणि अशोक कुमार यांच्या कॅमेऱ्यात कोवळा उजेड. यात नाच नाही, मिठी नाही, फक्त धाप आहे. बालु महेंद्र यांनी १९८२ मध्ये 'मूंड्राम पिरै'त, म्हणजे आपल्या 'सदमा'च्या मूळ चित्रपटात, अंगाई अशीच हलक्या हातानं टिपली. त्यांनीच १९८८ मध्ये 'वीडु' केला, एका साध्या बाईच्या घर बांधण्याच्या धडपडीवर, आणि त्यात एकही गाणं ठेवलं नाही. कथेला गाणं नको असेल तर न ठेवणं, हाही त्याच समजुतीचा भाग.

मणिरत्नम यांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. 'बॉम्बे' हा १९९५ चा चित्रपट मी मामींच्या घरी पाहिला. आमच्या शहरावर १९९२-९३ मध्ये जे गुदरलं, त्याची ती कथा. मदुराईच्या तिरुमलै नायक महालात लग्नघरचं गाणं चालू असतं आणि प्रचंड खांबांमधून नायक-नायिकेच्या नजरा एकमेकांना शोधत असतात. मी तसं सांगितल्यावर मामी लगेच म्हणाल्या, "खांब? म्हणजे मोहनांबाळच!" त्यांनी ते कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं. मग बेकलच्या किल्ल्यावरचं गाणं. पाऊस, खवळलेला समुद्र, काळ्या दगडाची तटबंदी. तो हाक मारतो आहे, ती धावत येते. वाटेत तिचा बुरखा अडकतो, मागं राहतो आणि ती तशीच पुढं धावते.

"नुसती धावली?" मामींनी विचारलं.

"नाही मामी. बुरखा अडकला. तो मागंच राहिला."

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या चित्राबद्दल मतभेद होऊ शकतात, झालेही. पण ती मुलगी काय सोडून निघाली आहे, हे तेवढ्या एका क्षणात सांगून झालं होतं.

मणिरत्नमही प्रत्येक वेळी कसोटीला उतरतात असं नाही. २००० सालच्या 'अलैपायुदे'तलं एक गाणं महेश्वरला, अहिल्याबाईंच्या घाटावर चित्रित झालं आहे. मी मराठी अभिमानानं ते घाट, ती नर्मदा मामींना रंगवून सांगितली. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान. पण ते दोघं तर मद्रासच्या लोकल गाडीत भेटतात. तिथं कशाला गेले?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शंकर यांच्या १९९८ च्या 'जीन्स'मध्ये तर एक गाणं जगातल्या सात आश्चर्यांसमोर फिरतं. मी एकेक नाव घेत गेलो. मामी म्हणाल्या, "ही सहल झाली." मात्र याच शंकर यांच्या 'कादलन'मधला, म्हणजे हिंदीतल्या 'हमसे है मुकाबला'मधला, डोकं-हातपाय अदृश्य होऊन नुसते कपडे नाचणारा प्रभुदेवा सांगितला, तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या. कथा नसली तरी कल्पना होती, आणि कल्पना सांगता येते.

मामी जाऊन आता बरीच वर्षं झाली. २०१८ मध्ये सी. प्रेम कुमार यांचा '९६' पाहिला तेव्हा त्यांची फार आठवण आली. शाळेत असल्यापासून तो तिला एकच जुनं गाणं म्हणायला सांगत असतो. ती कधीच म्हणत नाही. बावीस वर्षांनी, त्याच्या घरी, अचानक दिवे जातात आणि अंधारात ती तेच गाऊ लागते. तो आतून धडपडत, उजेड शोधत बाहेर येतो. वाद्यं नाहीत, नाच नाही, दिसण्यासारखंही फारसं नाही.

तरीही मी खुर्चीत पुढं सरकलो होतो. शेजारी कुणी नव्हतं, पण मनातल्या मनात मी सांगायला सुरुवात केली होती, "मामी, दिवे गेलेत. ती गातेय..."

(रेडिओवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)