दोन भावांमधली रेघ

ग्वारीघाटावर मराठी कानावर पडली की समजावं, परिक्रमेची माणसं आली आहेत. पांढरे कपडे, हातात काठी आणि झोळीत एखादं मराठी परिक्रमावर्णन. ती माझ्याशी हिंदीत बोलायला लागतात, मी मराठीत उत्तर देते. मग ठरलेला प्रश्न येतो, ‘तुम्ही इथल्याच का?’ मी इथलीच. आमच्या घरात चार पिढ्या मराठी बोलली जाते, फक्त हिशेब आणि भांडणं हिंदीत होतात.

घाटाजवळ ग्वारीघाट नावाचं लहानसं स्टेशन आहे. इथून नॅरोगेजची गाडी नर्मदा ओलांडून नैनपूर, बालाघाटमार्गे गोंदियाकडे जायची. लहानपणी आजोळी जायचं म्हणजे हीच गाडी. कोणत्या स्टेशनावर चहावाला हिंदीतून मराठीत शिरतो, हे मी खिडकीशी बसून शोधायची. ते स्टेशन मला कधी सापडलं नाही. २०१५ साली नॅरोगेज बंद झाली आणि नंतर ब्रॉडगेज आली. मी मात्र अजून त्याच शोधात आहे, आता कागदांवर.

गेली काही वर्षं कुठल्याही विद्यापीठाच्या छत्राशिवाय मी एक प्रश्न घेऊन बसले आहे : मराठी घरात वाढलेल्या गजानन माधव मुक्तिबोधांनी आपला सगळा सैद्धांतिक विचार हिंदीत का केला, आणि त्या निवडीचा त्या विचारावर काय परिणाम झाला?

मुक्तिबोधांचा जन्म १९१७चा, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरचा. वडील पोलीस खात्यात. आईला प्रेमचंद आवडायचे तसे हरि नारायण आपटेही. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मध्ये सात हिंदी कवी होते. त्यांतल्या दोघांच्या, मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे यांच्या, घरची भाषा मराठी होती. त्या संग्रहातल्या निवेदनात मुक्तिबोध आपला वैचारिक प्रवास सांगतात : आधी बर्गसाँचा प्रभाव, मग मार्क्सवाद. उज्जैन-शुजालपूरच्या शाळांमध्ये शिकवणाऱ्या पंचविशीतल्या मास्तरानं समकालीन युरोपीय तत्त्वज्ञानाशी आपल्या हिमतीवर घातलेली ही झटापट होती. तिच्यासाठी त्याला ना रजा होती, ना अनुदान.

१९४६ ते १९४८ ते जबलपुरात होते. हितकारिणी शाळेत शिकवणं आणि ‘जय हिंद’ दैनिकात काम, असे ते दिवस. पुढे नागपूर : सरकारी माहिती खातं, आकाशवाणी, ‘नया खून’ साप्ताहिक. पण जबलपूरशी धागा तुटला नाही. १९५६ साली हरिशंकर परसाईंनी इथून ‘वसुधा’ मासिक सुरू केलं आणि मुक्तिबोधांची ‘एक साहित्यिक की डायरी’ त्यात येऊ लागली. पैशाची कायम चणचण असलेलं, जेमतेम काही वर्षं चाललेलं हे मासिक. हिंदीतल्या साहित्यविचाराचा एक पायाभूत मजकूर त्याच्या पानांवर उभा राहिला.

त्या डायरीतला ‘तीसरा क्षण’ मी कितीदा वाचला असेल, कोण जाणे. त्यात कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. पहिला, जगण्यातल्या उत्कट अनुभवाचा. दुसरा, तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटून ‘फैंटेसी’ होऊन डोळ्यांपुढे उभा राहतो तो. तिसरा, ती फैंटेसी शब्दांत उतरू लागते तो. खरी गंमत तिसऱ्या क्षणात आहे. भाषा ही समाजाची कमाई असते. तिच्यात आधीच कितीतरी माणसांचे अर्थ साठलेले असतात. त्यामुळे शब्दांत उतरताना फैंटेसी जशीच्या तशी राहत नाही. भाषा तिला बदलते आणि तीही भाषेला थोडं बदलते. जी गोष्ट आपण सर्वांत खासगी मानतो, तिच्यावर समाजाची मालकी आधीपासून असते. ही मला सौंदर्यशास्त्राइतकीच राजकीय मांडणी वाटते.

म्हणून माझं पहिलं अनुमान सोपं होतं. आईची भाषा सोडून दुसऱ्या भाषेत राहायला गेलेल्या माणसालाच भाषेची ही सामाजिकता इतकी स्पष्ट दिसणार. मला अंतोनियो ग्राम्शी आठवायचा. सार्डिनियात वाढलेला, तुरीनला भाषाशास्त्र शिकलेला हा माणूस तुरुंगात क्रांतीचा विचार इटालियनमध्ये करत होता, आणि १९२७ साली तिथूनच बहिणीला कळवत होता की पोराला सार्डिनियन बोलू दे. जोडी छान जमली होती.

ती मोडली मुक्तिबोधांच्या धाकट्या भावानं. शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतच राहिले. ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ हे कवितासंग्रह, ‘क्षिप्रा’ ही कादंबरी आणि ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ हा ग्रंथ. या ग्रंथाला १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नुसत्या रूपावर भाळणारी समीक्षा त्यांना पटत नव्हती आणि साच्यातला मार्क्सवादही पटत नव्हता. साहित्याच्या मूल्यासाठी त्यांनी ‘मानुषता’ ही संकल्पना मांडली. थोरला भाऊ हिंदीत ‘ज्ञानात्मक संवेदन’ आणि ‘संवेदनात्मक ज्ञान’ अशा जोडशब्दांनी ज्या गाठीशी झगडत होता, ती बरीचशी हीच गाठ : माणसाचं आतलं जग आणि समाजाचा इतिहास एकमेकांत कसे गुंतलेले असतात? भाषा न बदलताही माणूस या प्रश्नापाशी पोचू शकतो, हे धाकट्यानं दाखवलं. माझं अनुमान पडलं.

मग दोघांत समान काय होतं? घर तर होतंच. पण मला आता त्यांचा प्रांतही महत्त्वाचा वाटतो. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदी-मराठी दोन्ही राजभाषा होत्या. एकाच शहरात, एकाच काळात एक भाऊ हिंदीत लिहीत होता आणि दुसरा मराठीत, आणि दोघांच्याही कानात दुसऱ्याची भाषा होती. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. उच्च न्यायालय नागपूरहून जबलपूरला आलं. १९५८ साली गजानन मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवायला गेले. शरच्चंद्र नागपुरात राहिले. राज्यांची रेघ दोन भावांच्या मधून गेली.

ती रेघ अजून पुसलेली नाही. या कामासाठी मी एकदा अभ्यासवृत्तीचा अर्ज केला होता. मुलाखतीत एकच प्रश्न फिरून फिरून आला : हा विषय हिंदी विभागाचा की मराठी विभागाचा? ‘दोन्हींचा’ हे उत्तर त्यांच्या तक्त्यात बसत नव्हतं.

या कथेत जबलपूर आणखी एकदा येतं. १९६२ साली मुक्तिबोधांचं ‘भारत : इतिहास और संस्कृति’ प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेलं पुस्तक. घरखर्चाला हातभार लागेल अशी आशा त्यामागे होती. भावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, पुस्तकाविरुद्ध आंदोलन उभं राहिलं आणि त्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारनं त्यावर बंदी घातली. प्रकरण जबलपूरच्या उच्च न्यायालयात आलं. आक्षेपार्ह ठरलेला मजकूर काढूनच पुस्तक छापता येईल, असं ठरलं. ज्या पुनर्रचनेनं भावांची राज्यं वेगळी केली, तिनंच इथे आणलेल्या न्यायालयात एका भावाच्या इतिहासावर कात्री चालली. विचारातला फेरफार मुक्तिबोधांनी तिसऱ्या क्षणाचा भाग मानला होता. हा फेरफार मात्र भाषेनं केलेला नव्हता. ११ सप्टेंबर १९६४ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर आला.

मी सध्या त्या डायरीचं मराठी करते आहे आणि ‘संवेदना’ या एकाच शब्दापाशी अडले आहे. हिंदीत संवेदना म्हटलं की सहानुभूती, दुखवट्याला जाणं. मराठीत डॉक्टर टाचणी टोचून विचारतो, ‘पायाला संवेदना आहे का?’ एकच संस्कृत शब्द नर्मदेच्या अलीकडे दुसऱ्याच्या दुःखाकडे वळला आणि पलीकडे स्वतःच्या कातडीकडे. मुक्तिबोधांना दोन्ही अर्थ घरातच ऐकू आले असणार. ‘ज्ञानात्मक संवेदन’ वाचताना मला आता दोन्ही ऐकू येतात, आणि त्यांपैकी एकच निवडणं खोटेपणाचं वाटतं. म्हणून ठरवलं आहे, जिथे मराठी शब्द अपुरा पडेल तिथे शरच्चंद्रांच्या लेखनात शोधायचं. थोरल्याचं वाक्य धाकट्याच्या शब्दसंग्रहातून मराठीत आणायचं. नेहमी जमेल असं नाही. ‘फैंटेसी’ला ‘कल्पनाविलास’ म्हटलं तर त्यातलं दुखणं जातं, तो शब्द तसाच ठेवते आहे.

परवा संध्याकाळी घाटावर हीच पानं तपासत बसले होते. परिक्रमेतल्या एका काकूंनी डोकावून विचारलं, ‘कोणतं स्तोत्र गं?’ मी म्हटलं, ‘स्तोत्र नाही, काकू. मुक्तिबोध.’ त्या म्हणाल्या, ‘हो का! शरच्चंद्र? कॉलेजात होते आम्हाला.’ मी म्हटलं, ‘त्यांचे मोठे भाऊ.’

‘त्यांना भाऊ होता?’ काकूंनी विचारलं, आणि पायरीवर काठी ठेवून त्या माझ्या शेजारी बसल्या.