मोटारीतला कुत्रा : बांधणी व सुरक्षा

चालत्या मोटारीत कुत्रा जागेवर राहावा, करकचून ब्रेक लागला किंवा धडक बसली तर तो फेकला जाऊ नये आणि त्याच्यामुळे चालकाचा ताबा सुटू नये, यासाठी केलेली व्यवस्था. तिचे रूढ प्रकार तीन : छातीपट्ट्याने आसनाला बांधणे, पिंजऱ्यात ठेवणे आणि मागच्या डिकीत जाळीआड ठेवणे. नांदेड-लातूर भागात चौथा प्रकारही नेहमी दिसतो. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी अडकवायची आणि ती पिकअपच्या हौद्याच्या गजाला बांधून टाकायची. नोंदीत तो घ्यावा लागतो, कारण कुत्रा ‘बांधला आहे’ असे समाधान देणारा हा प्रकार चारांत सर्वाधिक घातक आहे.

या भागात कुत्रा मोटारीत चढतो तो बहुधा तीन कारणांनी : पशुवैद्यकाकडे न्यायला, विकायला आणि मिरवायला. मिरवण्याचे मोठे ठिकाण म्हणजे लोहा तालुक्यातले माळेगाव. मार्गशीर्ष वद्यात तिथे खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, लाल कंधारी आणि देवणी जनावरे यांच्या बाजारासाठी ही यात्रा दूरवर ठाऊक आहे. नांदेड जिल्हा परिषदेच्या वतीने तिथे होणाऱ्या पशुप्रदर्शनात श्वानांचेही प्रदर्शन असते. कुत्रा हा खंडोबाच्या परिवारातलाच प्राणी, त्यामुळे त्याला तिथे परकेपणा नाही. माळेगाव नांदेड-लातूर रस्त्यावर आहे. हाच रस्ता पुढे अहमदपूर, चाकूर करत लातूरला आणि तिथून तुळजापूरकडे जातो. आज तो राष्ट्रीय महामार्ग ३६१ चा भाग आहे. चाकूर तालुक्यातले जानवळ हे गाव कारवान कुत्र्यांच्या पैदाशीसाठी ओळखले जाते. म्हणजे कुत्र्यांचे गाव, कुत्र्यांचे प्रदर्शन आणि या दोहोंना जोडणारा वेगवान रस्ता, सगळे एकाच पट्ट्यात आले आहे.

कारवान हा नजरेने शिकार हेरणारा कुत्रा. लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांबट निमुळते डोके, अंगावर चरबी नावाला. कान-शेपटीवर लांब मऊ केस असलेल्या प्रकाराला पश्मी म्हणतात. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात हाच घाट मुधोळ या नावाने प्रसिद्ध आहे. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांवर तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता. सशामागे सुटण्यासाठी घडलेल्या या कुत्र्याला आता कायद्याने ससा मारता येत नाही, पण नजर तीच राहिली आहे. खिडकीतून शेरडांचा कळप किंवा धुऱ्यावरून पळणारे काहीही दिसले की तो धावत्या गाडीतूनही झेपावतो. लॅब्रॅडॉर मागच्या आसनावर पसरून झोपतो म्हणून कारवानही झोपेल, असे गृहीत धरणे महागात पडते.

गळ्यातला पट्टा इथे दोन कारणांनी निकामी ठरतो. पहिले कारण शरीराचे. कारवानचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते. पट्टा सैल असेल तर मागे सरकून तो डोके सोडवून घेतो, घट्ट असेल तर श्वासनळीवर दाब येतो. दुसरे कारण वेगाचे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबते, तेव्हा आत मोकळ्या असलेल्या प्रत्येक वस्तूत साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडल्याइतकी ऊर्जा असते. अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबायचे झाले तर २५ किलोच्या कुत्र्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे २० पट, म्हणजे ५०० किलोच्या भाराइतका जोर येतो. हा जोर छातीच्या फासळ्यांवर आणि खांद्यांवर पसरला तर कुत्रा वाचण्याची शक्यता राहते. गळ्याभोवतीच्या दोन बोटे रुंद पट्टीवर आला तर मानेचे मणके आणि श्वासनळी ते सोसू शकत नाहीत. हौद्यातल्या साखळीची गत याहून वाईट : साखळी फळीच्या उंचीपेक्षा लांब असली की कुत्रा बाहेर उडी मारतो आणि पाय जमिनीला टेकायच्या आत फास बसतो.

ही सवय आली कुठून, ते उघड आहे. गोठ्यात जनावर दाव्याने गळ्यालाच बांधतात आणि तिथे ते योग्यही आहे, कारण गोठा ताशी ऐंशीच्या वेगाने धावत नाही.

छातीपट्टा म्हणजे हार्नेस, हा त्यावरचा साधा उपाय. छातीपुढून, खांद्यांवरून आणि पुढच्या पायांमागून फिरणारे रुंद पट्टे आणि पाठीवर एक लोखंडी कडी, अशी त्याची रचना. गाडीचा सीटबेल्ट या पट्ट्यातून ओवून घेतात, किंवा कडीला आखूड दुवा जोडून त्याचे दुसरे टोक सीटबेल्टच्या खाचेत बसवतात. दुवा इतकाच लांब हवा की कुत्र्याला उठून बसता यावे, आडवे होता यावे, पण आसनाच्या कडेपलीकडे जाता येऊ नये. जास्त लांब दुव्यात कुत्रा आधी वेग घेतो आणि मग झटका खातो, त्यामुळे दुव्याचा उपयोगच उरत नाही. डोके टेकायच्या उशीच्या दांड्यांना बांधायचे दुवेही मिळतात. ते स्वस्त असतात, पण ते दांडे अशा ओढीसाठी बनवलेले नसतात. लहान मुलांच्या आसनासाठी गाडीत दिलेल्या आयसोफिक्सच्या कड्या त्यापेक्षा कितीतरी भक्कम.

कारवानसाठी हार्नेस घेताना वजन पाहून माप ठरवणे चुकते. छातीचा घेर मोठ्या कुत्र्याचा आणि कंबर लहान कुत्र्याची, अशी त्याची ठेवण. छातीचा घेर टेपने पुढच्या पायांच्या मागे मोजावा, बांधल्यावर पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, आणि कुत्रा मागे मागे सरकून बाहेर निघत नाही ना, हे घराच्या अंगणात तपासावे. पश्मीपेक्षा कारवानचे केस आखूड आणि कातडी पातळ असते. काखेत बकल घासून एका प्रवासात जखम होते. तिथे आतून मऊ कापड लावलेले असावे. माळेगावात घोड्याचे साज विकणारे, शिवणारे येतात आणि हौशी माणसे त्यांच्याकडून कुत्र्यासाठीही कातडी छातीपट्टा बनवून घेऊ शकतात. फिरवायला तो छान. गाडीसाठी मात्र शिवणीचा धागा आणि कडीचा जोड किती ओढ सहन करतो, याचे उत्तर नुसते पाहून मिळत नाही.

कंपन्यांच्या मालालाही हीच शंका लागू आहे. अमेरिकेतल्या सेंटर फॉर पेट सेफ्टी या संस्थेने २०१३ साली सुबारू कंपनीच्या साहाय्याने बाजारातल्या हार्नेसच्या धडक-चाचण्या घेतल्या. कुत्र्याच्या आकार-वजनाच्या बाहुल्या त्यात वापरल्या होत्या. काही पट्टे फाटले, काहींतून बाहुली सुटून पुढे फेकली गेली, आणि स्लीपीपॉड कंपनीचा एकच पट्टा अव्वल ठरला. आपल्याकडे ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त हार्नेसच्या पाकिटावर ‘सेफ्टी बेल्ट’ असे ठळक लिहिलेले असते. चाचणी कुठे झाली, किती वेगाला झाली, हे शोधूनही सापडेलच असे नाही. प्लास्टिकच्या बकलऐवजी धातूचे, आणि जिथे ओढ येते तिथे एकाऐवजी अनेक आडव्या-उभ्या शिवणी, एवढी पारख ग्राहकाच्या हातात आहे.

पिंजरा लहान कुत्र्यांना आणि पिल्लांना उत्तम. तो स्वतः बांधलेला असावा, नाहीतर कुत्र्यासह पिंजराच फेकला जातो. पुढच्या आणि मागच्या आसनांमधल्या जमिनीवर घट्ट बसणारा छोटा पिंजरा आसनावर नुसत्या ठेवलेल्या पिंजऱ्यापेक्षा सुरक्षित. कारवान पायांनी इतका उंच की त्याला उभे राहता येईल असा पिंजरा हॅचबॅकमध्ये मावत नाही. त्याला डिकीतली जाळी सोयीची, तीही मागे उघडी जागा असलेल्या एसयूव्हीसारख्या गाडीत. सेदानची बंद डिकी ही जागाच नव्हे. आसनावर अंथरायचा झोळीसारखा ताडपत्रीचा पाळणा चिखल आणि केस अडवतो, कुत्र्याला अडवत नाही. दुकानदार तोही सुरक्षिततेच्या रांगेत मांडतात, ही वेगळी गोष्ट.

पुढचे आसन वर्ज्य. धडकेत एअरबॅग सेकंदाच्या काही शतांशांत फुगते, आणि ती प्रौढ माणसाच्या छातीच्या उंचीचा हिशेब धरून बसवलेली असते. तिथे कुत्र्याचे तोंड असते. चालकाच्या मांडीवर पिल्लू घेऊन गाडी चालवणे तर कायद्यातही बसत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ नुसार गाडीवरच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कोणालाही बसू देण्यास किंवा काहीही ठेवण्यास चालकाला मनाई आहे.

कुत्र्याला गाडीत पट्टा बांधलाच पाहिजे, असे सांगणारे कलम मात्र भारतात नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, विनाकारण वेदना होतील अशा रीतीने प्राणी वाहून नेणे हा कलम ११ खाली गुन्हा आहे. आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणेही त्यातच येते. पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. आज एवढ्यात चहा-भजी येतात. प्राणी वाहतुकीचे १९७८ चे नियम कुत्र्यांसाठी पशुवैद्यकाचा दाखला मागतात आणि विण्याच्या जवळ आलेल्या कुत्रीची वाहतूक करू देत नाहीत. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत जनावरांच्या गाड्यांसाठी कप्प्यांची मापे आली : गाय-म्हशीला २ चौरस मीटर, शेळी-मेंढीला ०.३, कोंबडीला ४० चौरस सेंटिमीटर. कोंबडीची जागा मोजली गेली, कुत्र्याची राहिली. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये नियम ५७ सरळ सांगतो की गाडीत कुत्रा हार्नेस, पिंजरा किंवा जाळीने आवरलेला असावा. जर्मनीत वाहतूक कायद्याच्या दृष्टीने कुत्रा हा ‘माल’ धरला जातो आणि माल घसरू नये असा बांधण्याची जबाबदारी चालकाची असते.

माणसांच्या बाबतीतही मागच्या आसनावर पट्टा लावण्याची सवय महाराष्ट्रात नवीच. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर अपघाती मृत्यू झाला. ते मागे बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर मागच्या पट्ट्याची चर्चा घरोघर पोचली. त्या अपघाताचे गणित कुत्र्यालाही तसेच लागू पडते, फक्त त्याला स्वतः पट्टा ओढून घेता येत नाही.

धडकेपेक्षा ब्रेकचे प्रसंग कितीतरी अधिक. माळेगावची यात्रा येते ती ऐन गळीत हंगामात. लातूर-नांदेडच्या रस्त्यांवर तेव्हा उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, अनेकांना मागे दिवा किंवा परावर्तक नसतो, आणि अंधारात त्या समोर येतात तेव्हा थांबायला अंतर उरलेले नसते. गावोगावचे गतिरोधक वेगळेच. अशा झटक्यात मोकळा कुत्रा आसनांच्या फटीत पडतो, पाय मोडतो किंवा थेट चालकाच्या पायाशी, ब्रेकच्या पेडलपाशी जातो. खिडकीतून तोंड बाहेर काढलेल्या कुत्र्याच्या डोळ्यात पाचटाचा तुकडा किंवा खडा जाणे ही याच मोसमातली तक्रार. काच कुत्र्याच्या पंजानेही खाली होते. बटणाचे कुलूप चालकाच्या दाराशी असते, ते लावून ठेवावे.

उन्हाळ्यात धोका बदलतो. मे महिन्यात नांदेडचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. बंद उभ्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान सुमारे १० अंशांनी वाढते, काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच त्याला उष्णता बाहेर काढावी लागते, आणि आतली हवाच तापलेली असेल तर धापांचा उपयोग होत नाही. बांधलेल्या कुत्र्याला सावलीच्या बाजूला सरकताही येत नाही. म्हणून ढाब्यावर थांबताना आधी कुत्रा उतरवतात, मग माणसे जेवतात. धातूचे बकल उन्हात तापून चटका देते, बांधण्याआधी हात लावून पाहावे.

निघण्याच्या तोंडावर पोटभर खाऊ घालू नये. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा विकार अधिक आढळतो, आणि भरल्या पोटी प्रवासात उलटी तर ठरलेलीच. काही जण कुत्रा शांत राहावा म्हणून झोपेची गोळी देतात. हे विशेष धोक्याचे. ग्रेहाउंडच्या घाटाच्या, चरबी कमी असलेल्या कुत्र्यांच्या शरीरातून थायोपेंटलसारखी भुलीची औषधे सावकाश बाहेर पडतात, हे पशुवैद्यकशास्त्राला फार आधीपासून ठाऊक आहे. कारवान त्याच ठेवणीचा. उदगीर आणि परभणी येथे शासकीय पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, तिथे विचारून घेतलेली मात्रा आणि औषधाच्या दुकानातून अंदाजाने आणलेली गोळी यांत मोठे अंतर आहे.

सवय लावायची पद्धत सोपी, पण घाई केली की फसते. आधी घरातच हार्नेस घालून जेवायला द्यायचे, मग उभ्या गाडीत बांधून बसवायचे, मग इंजिन चालू करून, मग गल्लीच्या टोकापर्यंत. पहिल्याच दिवशी हार्नेस घालून थेट इंजेक्शनला नेलेला कुत्रा पुढे हार्नेस पाहूनच खाटेखाली शिरतो. थांबल्यावर दार उघडण्याआधी हातातली दोरी हार्नेसला लावायची आणि नंतरच सीटबेल्टचा दुवा सोडायचा. क्रम उलटला की कारवान रस्त्यावर असतो आणि त्याला हाका मारून थांबवता येत नाही. अपघात झालाच तर जखमी कुत्रा घाबरून मालकालाही चावतो. त्याच्या तोंडाला कापडाची पट्टी सैलसर बांधून, फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर आडवा उचलतात. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर तोंड बांधत नाहीत.

रेल्वेने नेण्याचाही पर्याय आहे. वातानुकूलित प्रथम वर्गाचा दोन किंवा चार शायिकांचा कप्पा पूर्ण आरक्षित केला तर कुत्रा सोबत ठेवता येतो, एरवी तो गार्डाच्या डब्यातल्या श्वानपेटीत जातो. नांदेडहून हैदराबाद किंवा मुंबईला कुत्रा पाठवणारे हा मार्ग धरू शकतात. माळेगावला जाणाऱ्याला मात्र रस्त्याशिवाय गत्यंतर नाही, कारण यात्रेच्या गावाला रेल्वेस्थानक नाही.